साठीनंतर फायब्रोमायल्जियाचे निदान : माझा अनुभव

निवृत्तीनंतर काही काळाने माझे अंग सतत दुखू लागले, तेव्हा घरच्यांपासून नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांनी त्याचे एकच कारण सांगितले : वय. मान, खांदे, कंबर, मांड्या अशी दुखण्याची जागा बदलत राही. ओली चादर पिळताना मनगटापासून दंडापर्यंत ठणका उठे, आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेले असे. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे हटेना, उलट पित्त मात्र वाढले. "साठीनंतर हे चालायचेच" असे इतक्या जणांनी ऐकवले, की आणखी तपासण्या करून घेण्याची उमेदच मावळत चालली होती. अखेर मुलीने आग्रह धरला आणि मी पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी पहिल्याच भेटीत निदान केले नाही. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, दाखवून देणारी रक्ताची किंवा एक्स-रेची कोणतीही चाचणी नाही, त्यामुळे त्याच्यासारखी भासणारी इतर दुखणी आधी तपासावी लागतात, आणि उतारवयात अशी दुखणी पुष्कळ असतात. पॉलिमायल्जिया रुमॅटिका हा पन्नाशीनंतर होणारा आजार खांदे आणि कंबरेखालचा भाग जखडून टाकतो. मात्र त्यात ईएसआर आणि सीआरपी हे रक्ततपासणीतले, शरीरातील दाह दाखवणारे आकडे सहसा वाढलेले आढळतात व स्टिरॉइडने लवकर उतार पडतो. माझे दोन्ही अहवाल ठीक होते. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि स्नायूंशी संबंधित रक्ततपासणी झाली. कोलेस्टेरॉलसाठी मी घेत असलेल्या स्टॅटिनमुळेही स्नायू दुखू शकतात, म्हणून ती गोळी त्यांच्या देखरेखीखाली काही आठवडे बंद ठेवून पाहिली. दुखण्यात फरक पडला नाही, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

मग त्यांनी माझ्यापुढे मानवी शरीराची पुढून आणि मागून काढलेली आकृती ठेवली आणि गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखले तो भाग पेन्सिलीने रंगवायला सांगितले. पूर्वी, 1990 च्या निकषांनुसार, शरीरावरील 18 ठरावीक बिंदू दाबून त्यांपैकी किमान 11 दुखतात का हे पाहत असत. 2010 पासूनच्या निकषांत 19 भागांतील वेदनेबरोबरच थकवा, झोपेचा दर्जा आणि विसराळूपणाही मोजला जातो, आणि त्रास किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. रंगवून झाल्यावर त्या कागदावर कोरा भाग फार थोडा उरला होता. तो पाहताना, आपले दुखणे कोणीतरी खरे मानले, या जाणिवेने मला भरून आले.

आता वयाबरोबर हे वाढतच जाणार का, ही माझी मुख्य धास्ती होती. डॉक्टरांनी समजावले की हा आजार सांधे झिजवत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेच्या संदेशांची तीव्रता वाढवतात, म्हणून साधा दाबही दुखतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात तर तरुण रुग्णांचा त्रास वयस्कांपेक्षा अधिक आढळला होता. तरीही वय आपली भर घालतेच, असे मी माझ्यापुरते म्हणेन. वयानुसार गाढ झोप कमी होते आणि झोप बिघडली की वेदना वाढते; दुखते म्हणून हालचाल टाळली, तर आधीच घटत चाललेले स्नायू आणखी दुबळे होतात.

औषधांच्या बाबतीत वयाचा विचार व्हायलाच हवा, हे मी कळकळीने सांगते. दुसऱ्या एका ठिकाणी मला आधी दिलेल्या अमिट्रिप्टिलीन या वेदना व झोपेसाठीच्या गोळीने तोंडाला कोरड पडे आणि पहाटे स्वच्छतागृहाकडे जाताना झोक जाई. भिंत धरून चालावे लागे. वयस्कांमध्ये या औषधाने गोंधळल्यासारखे होण्याचा आणि पडण्याचा धोका असतो. प्रीगाबॅलिन या वेदनेवरील दुसऱ्या औषधानेही चक्कर येऊ शकते आणि त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार ठरवावी लागते, म्हणून क्रिएटिनिन तपासूनच मला ते अगदी कमी मात्रेत सुरू केले. सर्वांत ठाम सल्ला मात्र व्यायामाचा होता, आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींतही व्यायामालाच सर्वाधिक बळ दिलेले आहे. मी सपाट रस्त्यावर थोडेच चालू लागले आणि अंतर अगदी सावकाश वाढवले. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून जास्त चालायचे नाही, हे पथ्य पाळणे चालण्यापेक्षाही अवघड गेले.

पुढे उजवा गुडघा सुजला, तेव्हा तोही याच आजाराचा भाग समजून मी गप्प बसले नाही. फायब्रोमायल्जियात सांधा सुजत नाही, हे मला तोवर ठाऊक झाले होते. एक्स-रेमध्ये झीज निघाली आणि तिच्यासाठी मांडीच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम सुरू झाले. नवी सूज, ताप, वजन घटणे, कानशिलाजवळ दुखणे किंवा दृष्टीत बदल यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता यायचे, असे डॉक्टरांनी माझ्या कागदावर लिहून दिले आहे, आणि तो कागद मुलीने औषधांच्या डब्यातच ठेवला आहे.