दारावरचा तिसरा रंग

मेलबर्नच्या पश्चिमेला लॅव्हर्टन नॉर्थमध्ये आमच्या मालवाहतूक कंपनीचं वर्कशॉप आहे. रात्रंदिवस ट्रक येतात-जातात, बहुतेक केनवर्थ, थोड्या व्होल्व्हो. लॅपटॉप जोडायचा, कोड वाचायचा, सेन्सर बदलायचा आणि गाडी सिडनीला धाडायची. डिझेल मेकॅनिकचं निम्मं आयुष्य हल्ली युरियाच्या टाकीत आणि एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये जातं. म्हणून मॅनेजरने विचारलं, "शेडमागची जुनी इंटर उभी करायची आहे, घेशील का?" तेव्हा त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

इंटर म्हणजे इंटरनॅशनल. इथे पूर्ण नाव कुणी घेत नाही. आमची आर-१९० होती, लांब नाकाची, गुबगुबीत मडगार्डांची. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कारखाना इथेच मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला, डँडेनाँगला होता. या गाडीबद्दल कंपनीत एक कथा सांगितली जाते. संस्थापकांनी १९५५ साली ती हप्त्यावर नवी घेतली, स्वतः चालवली, आणि सिडनीची पहिली खेप त्यांनी याच गाडीतून केली. रिसेप्शनमध्ये तसा फोटोही आहे. वर्धापनदिनाला गाडी त्या फोटोखाली ठेवायची आणि शेजारी पितळी पाटी लावायची, ‘आमचा पहिला ट्रक, १९५५’, असा बेत होता.

१९५५ या सालाला इथल्या ट्रकवाल्यांच्या लेखी मुहूर्ताचा मान आहे. त्याआधी इथली राज्य सरकारं आपापली रेल्वे जपायची. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रकने माल न्यायचा तर परवाना, आणि वर टनाला मैलामागे शुल्क. ह्यूज अँड व्हेल नावाची एक ट्रकवाली कंपनी न्यू साउथ वेल्स सरकारशी भांडत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेली आणि १९५४ च्या अखेरीस जिंकली. राज्यघटनेच्या ९२ व्या कलमाप्रमाणे राज्याराज्यांतला व्यापार खुला हवा, असं कौन्सिलने सांगितलं. मग काय, ज्याच्याकडे चार चाकं आणि थोडी हिंमत होती तो ह्यूम हायवेला, म्हणजे मेलबर्न-सिडनी रस्त्याला लागला.

काम दोन महिने चाललं होतं. मी सांगतोय ती गोष्ट एका गुरुवारची आहे.

गुरुवारी आमच्याकडे एक निवृत्त ड्रायव्हर यायचे. ऐंशी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पण हाताची पकड अजून शाबूत. तोंडावर मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचो, इथे सगळेच मारतात. लिहिताना मात्र ‘ते’ म्हटल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, कराडच्या गॅरेजमधले संस्कार! माझ्या मामाचं गॅरेज हायवेलगत होतं. म्हातारे ड्रायव्हर येऊन बसले की आधी चहा सांगायचा, मग कामाचं विचारायचं. इथे मी त्यांच्यासाठी मगमध्ये दोन चमचे साखर टाकून ठेवायचो.

सकाळ ब्रेकमध्ये गेली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असणार हे धरूनच चालावं लागतं. २००३ च्या शेवटी त्यावर इथे पूर्ण बंदी आली, पण ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे हवा मारायची नाही, सगळं ओलं ठेवायचं, मास्क लावायचा, लायनर पिशवीत बंद करून परवानाधारकाच्या ताब्यात द्यायचे. ते ड्रायव्हर आजोबा लांबून बघत होते. "आम्ही ड्रमवर हवा मारून तिथेच सँडविच खायचो," म्हणाले. मी काही बोललो नाही.

मग इंजिन. या इंजिनाने मला पहिल्या दिवसापासून खटकत ठेवलं होतं. आर-१९० मध्ये मुळात सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. हिच्यात होतं जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं ६व्ही-५३, टू-स्ट्रोक डिझेल. या इंजिनांचं नाव म्हणजेच त्यांचा हिशेब: सहा सिलिंडर, व्ही मांडणी, प्रत्येकी ५३ घन इंच. इथपर्यंतही ठीक, जुन्या गाड्यांत इंजिन बदलायचेच लोक. पण ५३ ची मालिका बाजारात आली १९५७ मध्ये. म्हणजे १९५५ च्या पहिल्या खेपेला हे इंजिन असणं शक्य नाही. पितळी पाटीच्या दृष्टीने ही बारीकशीच अडचण, म्हणून मी मनातच ठेवली होती.

पुण्यात डिझेल शिकलेल्या माणसाला टू-स्ट्रोक डिझेल हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आमचं शिक्षण कमिन्सवर झालेलं. कोथरूडला साठच्या दशकापासून ती इंजिनं बनतात, सगळी शहाण्यासारखी चार स्ट्रोकची. जीएमचं इंजिन दर फेऱ्याला पेटतं. त्यामुळे आवाज ऐकून वाटतं की गाडी दुप्पट वेगाने ओरडतेय. जुने लोक त्याला ‘स्क्रीमिंग जिमी’ म्हणतात. हवा ओढायची ताकद त्याच्या पिस्टनमध्ये नाही, ती ब्लोअरने कोंबावी लागते. आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचे इंजेक्टर चिकटतात. ते पूर्ण डिझेलच्या जागी अडकले तर सुरू झालेलं इंजिन थांबायला तयार नसतं. चावी काढून उपयोग नाही, त्याची हवाच तोडावी लागते. म्हणून आधी मी प्रत्येक इंजेक्टर सोडवला, डिझेल कमी-जास्त करणारा रॅक बोटाने मागेपुढे सहज हलतोय ना ते पाहिलं. तरीही स्टार्टर मारताना आजोबा हवेच्या तोंडाशी प्लायवूडचा तुकडा धरून उभे होते. "तू हो म्हण, मी झाकतो," म्हणाले. झाकायची वेळ आली नाही. निळा धूर, मग तो कर्कश सूर, आणि शेडमधले सगळे हातातलं काम सोडून दाराशी.

चासीचा नंबर निघाला जेवणानंतर. नंबर चासीच्या पट्टीवर ठोकलेला. सत्तर वर्षांची ग्रीस आणि रंग तारेच्या ब्रशने काढला, खडू घासला, आकडे दिसले. नोंदणीसाठी ऑफिसने मला १९५५ च्या हप्त्याच्या कराराची झेरॉक्स दिलेली होती. पहिले अक्षर-आकडे जुळले. पुढचे जुळेनात. परत घासलं. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. नंबर स्पष्टच वेगळा होता.

मी आजोबांकडे कागद सरकवला. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला, चासी पाहिली आणि हसले.

"पहिला ट्रक कोण ठेवतो, मेट? तो विकूनच तर दुसऱ्याचा पहिला हप्ता भरतात."

हे ऐकून मला मामाची आठवण आली. त्यांची पहिली गाडी, पहिला जॅक, पहिली लेथ, सगळं विकून पुढचं घेतलेलं. भिंतीवर नुसता फोटो.

"मग ही कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही, ड्रायव्हरच्या बाजूचं दार दाखवलं. "तिथे घास. हळू."

दार मी पुढच्या आठवड्यात घासणारच होतो. ओला पॉलिश पेपर घेतला, तळहाताएवढ्या जागेवर गोल गोल फिरवला. वर कंपनीचा निळा, तो सूर्याने खडूसारखा झालेला. त्याखाली क्रीम. क्रीम जाड होता, ब्रशने मारलेला. त्याखाली गडद हिरवा, आणि त्या हिरव्यात सोनेरी अक्षराचं शेपूट. मी थांबलो, बारीक पेपर घेतला. तासाभरात एक आडनाव बाहेर आलं, त्याखाली ‘वँगारॅटा’. अक्षरांना लाल सावली दिलेली, शेवटच्या अक्षरातून वेलबुट्टी निघालेली. हाताने रंगवणारा कुणी चांगला माणूस होता तो. आपल्याकडे फाळक्यावर मालकाचं नाव आणि खाली गाव लिहितात तसंच अगदी. आडनाव इथे देत नाही, त्या घरचे लोक अजून त्या भागात आहेत.

आजोबा स्टुलावर बसले आणि सांगू लागले. तो माणूस ‘सबी’ होता, म्हणजे सबकॉन्ट्रॅक्टर. गाडी स्वतःची, ट्रेलर कंपनीचा, माल कंपनीचा, भाडं कंपनी ठरवणार. ही इंटर त्याने सेकंडहँड घेतली, घरच्या शेडमध्ये पेट्रोल इंजिन काढून जीएम बसवलं. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे दुसरी छोटी पेटी लावली. तिला इथे ‘जोई बॉक्स’ म्हणतात, जोई म्हणजे कांगारूचं पिल्लू. केबिनमध्ये मग दोन दांडे येतात आणि चढावर दोन्ही हात त्यांत गुंततात. स्टिअरिंग कशाने धरायचं? "कोपराने," आजोबा म्हणाले, आणि करून दाखवलं.

ह्यूम तेव्हा दोन पदरी होता. गंडगाईला मरंबिजी नदीच्या पूरपट्ट्यावरचा, प्रिन्स आल्फ्रेड पुलाचा लाकडी भाग १९७७ पर्यंत हायवेचाच होता. भरलेली गाडी त्यावरून गेली की फळ्या वाजायच्या, गावातल्या लोकांना वेळ कळायची. सिडनी जवळ आलं की रेझरबॅकचा डोंगर. उतारावर गिअर काढून गाडी सोडून देण्याला हे लोक ‘एंजल गिअर’ म्हणतात, देवदूतांचा गिअर. डिझेल वाचतं, वेळ वाचतो, आणि ब्रेक तापले तर नाव सार्थ होतं. खंबाटकीत हाच उद्योग आपले लोक नुसतं ‘न्यूट्रल’ म्हणून करतात. आपल्याला तेवढी कविता सुचली नाही.

"मग कंपनीने सांगितलं, आमच्या रंगात रंगव. स्वतःच्या खर्चाने," आजोबा म्हणाले. तो क्रीम रंग म्हणजे हा. म्हणूनच ब्रशने मारलेला.

प्रिव्ही कौन्सिलने दार उघडलं, पण सरकारांनी खिडकीतून हात घातला. रस्ता-दुरुस्तीच्या नावाने नवा कर आला, टनाला मैलामागे एक तृतीयांश पेनी. ऐकायला काहीच नाही. पण तो धरलेल्या वजनावर होता, गाडीचं स्वतःचं वजन अधिक भारक्षमतेचा ४० टक्के भाग. म्हणजे परतीला रिकामी आलात तरी कर तेवढाच. मोठ्या कंपन्यांना परतीचा माल मिळायचा. एकट्या माणसाने काय करायचं? गाडीचा हप्ता, टायर, डिझेल, वर हा कर, तोही न भरला तर कोर्ट. वँगारॅटाच्या माणसाचं देणं साचत गेलं. शेवटी कंपनीने त्या देण्यात गाडी ठेवून घेतली. मग निळा रंग चढला. तो स्वतः कुठल्याशा गिरणीत कामाला लागला.

"आणि तुम्ही?"

"मीही सबीच होतो पुढे. एकोणऐंशीत रेझरबॅकवर होतो."

एप्रिल १९७९ मध्ये टेड स्टीव्हन्स नावाच्या ड्रायव्हरने थोड्या साथीदारांसह रेझरबॅकवर गाड्या आडव्या घातल्या. ड्रायव्हर आपसात बोलायचे त्या सीबी रेडिओवर त्याचं नाव ‘ग्रीनडॉग’. नऊ दिवस ह्यूम बंद, हळूहळू बाकीच्या राज्यांतही नाकेबंदी, आणि अखेर तो कर गेला. हे मी वाचलेलं होतं. आजोबांना त्यातलं काय आठवतं, तर कुणाची तरी बायको मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा घेऊन आली होती, आणि रात्री गारठा फार होता. पुढचं मी विचारलं नाही. ते दाराकडेच बघत होते.

मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. ऑफिसच्या प्रिंटरमधला कोरा कागद दिला. त्यांनी तो अक्षरांवर ठेवला आणि खिशातल्या सुताराच्या पेन्सिलने हळूहळू घासलं. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. घडी घालून कागद खिशात टाकला. कुणासाठी, ते बोलले नाहीत.

चारला मॅनेजर आला. भला माणूस आहे, तक्रार त्याच्याविषयी नाही. चासीचा नंबर दाखवला, इंजिनाचं साल सांगितलं, दार दाखवलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "निमंत्रणं गेलीत. दार रंगवून टाका. पाटीचं मी वर बोलतो." मी विचारलं, हे अक्षर तरी ठेवायचं का, काच लावून, तेवढाच तुकडा? "ती आमची गाडी नाही मग, ना?" तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, खरोखरच प्रश्न पडला होता. माझ्याजवळ उत्तर होतं असंही नाही. इंजिन वँगारॅटाच्या माणसाने बसवलं, पण नंतर तीस वर्षं पाटे, अ‍ॅक्सल, क्लच कंपनीच्या मेकॅनिकांनी बदलले. आता मीही त्यातलाच एक.

पाटी बदलली. आता नुसतं ‘१९५५ पासून’ लिहिलंय. एक अक्षर खोटं नाही त्यात.

दार आमच्या पेंटरने रंगवलं. लहानपणी व्हिएतनामहून आलेला, कामात फार चोख. पण त्या दाराला त्याने पुटी भरली नाही, कडा घासून सपाट केल्या नाहीत. प्रायमर मारला, वर निळा मारला, झालं. मी काही सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही.

वर्धापनदिनानंतर आठवड्याने मॅनेजर आम्हा दोघांना रिसेप्शनमध्ये घेऊन गेला. दुपारचं ऊन काचेतून तिरपं आत आलेलं. त्याने दाराकडे बोट केलं. "इथे रंग वर आल्यासारखा का दिसतो?"

पेंटरने वाकून पाहिलं, अंगठ्याने चाचपलं.

"जुना पत्रा आहे," तो म्हणाला. "असंच राहणार."