कमरेला पिस्तूल, हातात कोथिंबीर

शनिवार, रात्र

आज अण्णांना घेऊन इंडियन स्टोअरमध्ये गेले होते. शनिवारची गर्दी, बिलाला ही लांब रांग. आमच्या पुढं तिशीतला एक मुलगा उभा होता. हाफ पँट, पायात स्लिपर, उजव्या हातात बास्केट. तिच्यात कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, फ्रोझन पराठे. फोन डाव्या खांद्यानं कानाशी दाबून तो कुणाशी तरी तेलुगूत बोलत होता. टी-शर्ट आत खोचलेला आणि उजव्या कमरेला, सगळ्यांना दिसेल असं काळं पिस्तूल.

टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, आमच्या फ्रिस्को-प्लेनो भागात हे रोज दिसतं असं नाही, पण त्याचं नवलही राहिलेलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात दिसतं, पेट्रोल भरताना दिसतं. मी नजर वळवते आणि माझं काम उरकते. अण्णा मात्र बघत राहिले. सातारा जिल्ह्यात फौजदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांची नजर आधी होल्स्टरवर गेली. वरून पट्टी नाही, बटण नाही. (काहींना आतून घट्ट पकड असते, बाहेरून ती कळत नाही.) मग त्याच्या बास्केट धरलेल्या हातावर. मग शेजारच्या ट्रॉलीत बसलेल्या दोनेक वर्षांच्या पोरावर, ज्याचा हात बरोबर पिस्तुलाच्या मुठीच्या उंचीला येत होता. अण्णांनी आमची ट्रॉली हळूच मागं ओढली, ते स्वतः माझ्या पुढं येऊन उभे राहिले आणि बिल होईपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत.

गाडीत बसल्यावर विचारलं, "पोरी, हा पोलिसात आहे का?"

"नाही, अण्णा."

"मग परवाना असेल."

"असेल किंवा नसेलही. आता लागत नाही."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हत्याराचा हात रिकामा ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मागून कुणी हिसकलं असतं तर फोन खाली पडायच्या आत गेलं असतं."

लहानपणीचं आठवलं. बंदोबस्तावरून ते थेट बाजारात आले की दुकानात शिरायचे नाहीत. कमरेला रिव्हॉल्व्हर, त्याची डोरी खांद्याला. आई आत वाणसामान घ्यायची आणि ते बाहेर पायरीजवळ भिंतीला पाठ लावून उभे. मला वाटायचं वर्दीचा तोरा आहे. आज विचारलं, तर म्हणाले, "गर्दीत धक्का लागतो. आणि दुकानदार बिचारा भाव सांगताना चाचरतो. त्याला कशाला त्रास?" ड्युटी संपली की हत्यार जमा, राउंड मोजून द्यायचे, रजिस्टरला सही. त्या सहीशिवाय ते कधी घरी आले नाहीत.

रविवार

सकाळी चहा घेताना अण्णांचा पहिला प्रश्न: "हे पहिल्यापासूनच असं आहे का? काउबॉय वगैरे?"

सिनेमामुळे सगळ्यांना तसंच वाटतं. खरं तर 1871 साली टेक्सासनं पिस्तूल बाळगून फिरण्यावर बंदी घातली होती, मोजके अपवाद सोडून. ती पुढं सव्वाशे वर्षं टिकली. 1995 च्या कायद्यानं परवाना घेऊन, कपड्याखाली लपवून बाळगायची मुभा दिली. कमरेला उघड लावायची मुभा 1 जानेवारी 2016 पासून, तीही परवानाधारकांनाच. आणि 1 सप्टेंबर 2021 पासून, (तेव्हाच्या अटीनुसार) वय 21 पूर्ण असेल आणि कायद्यानं बंदूक बाळगायला अपात्र ठरवलेलं नसेल, तर परवान्याचीही गरज संपली. उघड दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं, एवढीच अट. म्हणजे ज्याला इथली जुनी रीत म्हणून सांगतात, ती माझ्या मुलाहून लहान आहे.

अण्णांनी हिशेब केला आणि म्हणाले, "आमच्याकडं आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेता घेता नाकी नऊ यायचे. इथं निवडणुकीत काय करतात?" मतदान केंद्रात इथंही हत्यार नेता येत नाही. शाळेत, कोर्टात नाही. ज्या बारचं अर्ध्याहून जास्त उत्पन्न जागेवर पिल्या जाणाऱ्या दारूचं आहे, तिथंही नाही. तिथं दारावर लाल रंगात 51% असा मोठा फलक असतो. हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

आपल्याकडचं सगळं बरोबर आणि इथलं सगळं वेडेपणाचं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं आपल्या लोकांच्या हातातली हत्यारं काढून घेतली, त्याची सल आपल्या पुढाऱ्यांना होती. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला आहे. त्यामुळं "सरकारनं आमचं हत्यार का काढून घ्यावं" असं इथला कुणी विचारतो, तेव्हा तो प्रश्न मला परका वाटत नाही.

मंगळवार

संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना शेजारचे काका भेटले. सैन्यातून निवृत्त, पत्नी गेल्यापासून एकटे राहतात, बर्फ पडला तर आमच्या दारातलाही काढून देतात. ते कुठंही जाताना पिस्तूल उघड लावतात. शनिवारचं त्यांना सांगितलं. अण्णाही होते. दोघांचं होल्स्टरवर लगेच जमलं. काकांनी स्वतःचं दाखवलं, अंगठ्यानं पट्टी पाडल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नाही. अण्णांनी मान डोलावली.

मग काकांनी टेक्सासातल्याच किलीन शहरातलं सांगितलं. 16 ऑक्टोबर 1991. लुबीज नावाचं कॅफेटेरिया, दुपारच्या जेवणाची वेळ. एका माणसानं काचेची खिडकी फोडून ट्रक आत घातला आणि 23 जणांना गोळ्या घालून मारलं. सुझाना हप आई-वडिलांबरोबर तिथं जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं, कारण कायद्यानं बरोबर ठेवता येत नव्हतं. आई-वडील दोघंही गेले. पुढं त्या ठिकठिकाणी साक्ष देत फिरल्या, आमदार झाल्या, आणि 1995 च्या कायद्यामागं त्यांचा मोठा वाटा होता. काका म्हणाले, "त्या दिवशी माझ्यासारखा एक जण तिथं असता तर?"

याला माझ्याकडं उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. आई-वडील असे गमावलेल्या बाईशी वाद घालावा, असं माझ्या मनात कधी येणार नाही. पण सुझाना हप यांच्या पर्समध्ये रिव्हॉल्व्हर असतं, तर त्या कॅफेटेरियात कुणाला ते दिसलंही नसतं. माझा प्रश्न उघड लावण्याचा आहे. काकांना वाटतं, त्यांचं पिस्तूल दिसलं की दुकानातले सगळे सुरक्षित होतात. मी त्यांना ओळखते, म्हणून मलाही तसं वाटतं. जो ओळखत नाही त्याला काय दिसतं? एक अनोळखी माणूस आणि एक पिस्तूल. तो भला आहे की बुरा, हे दूध-अंडी घेता घेता त्यानं ठरवायचं. ठरवण्याचं काम हत्यारवाल्यानं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, तेही न विचारता.

आणि ते ठरवणं कुणालाच जमत नाही. 2015 च्या हॅलोविनला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका बाईनं रस्त्यावर रायफल घेतलेला माणूस बघितला आणि 911 ला फोन केला. पलीकडून तिला आधी सांगितलं गेलं की या राज्यात उघड बंदूक घेऊन फिरायला परवानगी आहे. थोड्याच वेळात त्या माणसानं तिघांना मारलं. फोन घेणारीचा दोष काढायला मन होत नाही. कायदा तसाच होता.

उलटही होतं. 7 जुलै 2016 ला आमच्या डॅलसमध्ये मोर्चा होता. त्यात काही जण कायद्यानं, उघड रायफली घेऊन चालत होते. एका हल्लेखोरानं पाच पोलीस मारले. त्या गोंधळात पोलिसांनी मोर्चातल्याच एका रायफलवाल्या कृष्णवर्णीय माणसाचा फोटो संशयित म्हणून जाहीर केला. त्यानं स्वतः रायफल पोलिसांच्या हवाली केली होती, म्हणून निभावलं. तो मोर्चाही पोलिसांच्या गोळीनं झालेल्या ज्या मृत्यूंसाठी होता त्यात एक फिलँडो कास्टील होते, आदल्या दिवशी मिनेसोटात मारले गेलेले. परवानाधारक. गाडी अडवल्यावर "माझ्याजवळ बंदूक आहे" असं त्यांनी पोलिसाला आपणहून सांगितलं होतं.

हे मी काकांना म्हटलं: तुम्ही लावलंत तर लोक निवृत्त सैनिक बघतात. माझ्या मुलानं 21 व्या वर्षी लावलं तर काय बघतील? काका खाली बघत म्हणाले, "तू त्याला लावू देऊ नकोस." मग त्यांनाच ते ऐकून वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. ते चांगले आहेत, आणि म्हणूनच मला हे त्यांच्याशी बोलता येतं.

गुरुवार

अण्णांना मी माझ्या स्वतःच्या परवान्याबद्दल सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

6 मे 2023 ला आमच्या शेजारच्या ॲलन गावच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यात आपल्याकडून आलेली एक तरुण इंजिनियर मुलगी होती. आम्ही मुलाचे शाळेचे बूट तिथूनच आणतो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एकच विषय: आपणही घ्यावं का? एच-1बी वर असलेल्यांना तर एखाद-दुसरा अपवाद सोडला तर बंदूक हातातही घेता येत नाही. तो केंद्राचा कायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि आमच्यासारख्या नागरिकांना येते. मी परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. कायदा, हत्यार घरात कसं ठेवायचं, आणि भांडण हात न उगारता कसं मिटवायचं, हेही अभ्यासक्रमातच आहे. मग 50 गोळ्या: तीन यार्डांवरून 20, सातवरून 20, पंधरावरून 10. 250 पैकी 175 गुण लागतात. मी पास झाले. परवाना पाकिटात आहे, पिस्तूल घेतलं नाही. वर्गातला तो भांडणाचा तास मला गोळ्यांपेक्षा मोलाचा वाटला, आणि 2021 नंतर परवान्याशिवाय पिस्तूल लावणाऱ्याला तो तास सक्तीचा नाही, याची चीड अजून जात नाही.

अण्णा म्हणाले, "मग त्या दुकानदाराला सांग की."

तेच करायचं ठरवलंय. इथं दुकानमालकाला उघड पिस्तूल आत आणायला मनाई करता येते. एचईबी या किराणा दुकानांच्या साखळीनं 2016 पासून केलेली आहे. वॉलमार्ट आणि क्रोगरनं सप्टेंबर 2019 मध्ये, एल पासोच्या हत्याकांडानंतर, गिऱ्हाइकांना तशी विनंती केली. पण परवानाधारकांसाठी बंदुकीवर फुली मारलेलं चित्र चिकटवून भागत नाही. टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम 30.07 चा ठरलेला मजकूर हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच, उठून दिसणाऱ्या रंगात, प्रत्येक प्रवेशदाराशी. परवाना नसलेल्यांसाठी 30.05 चा वेगळा. फलक असूनही कुणी आत आलं तर 200 डॉलरपर्यंत दंड. सांगूनही बाहेर गेलं नाही तर गुन्हा मोठा होतो.

दुपारी मालकांशी फोनवर बोलले. त्यांना भीती आहे गिऱ्हाईक तुटेल याची. "भाभी, लोक नाराज होतील." म्हटलं, जे नाराज होऊन आधीच दुसरीकडं जायला लागलेत ते तुम्हाला सांगायला येत नाहीत, भाईसाब. कॅश काउंटरवरच्या मुलींना विचारा, शनिवारी त्या कुठं बघत होत्या. ते "हूं" म्हणाले आणि रविवारी या म्हणाले.

दोन दारं आहेत, पुढचं आणि पार्किंगच्या बाजूचं. दोन्हींच्या काचा मोजून आणायच्या. फलक करणाऱ्याकडून भाव आलाय, अर्धे पैसे मी देईन असं मालकांना सांगणार आहे. अण्णा बरोबर येतायत. टेप त्यांनी आत्ताच गाडीत नेऊन ठेवलाय.