एका दिवसात दोन गावं, एकच सेट

दिवाळीच्या आधीचा आठवडा मुंबईत नाटकाला मंदीचा असतो. घरोघरी साफसफाई, फराळ, खरेदी चाललेली असते आणि तिकीटबारीवरचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, कोराच राहतो. म्हणून या दिवसांत दौरा लावतात. पतसंस्था, महिला मंडळं, सभासद योजना चालवणाऱ्या संस्था ठरावीक रकमेला प्रयोग घेतात. तिकीटविक्रीची काळजी आयोजकाची. आपण सेट लावायचा, प्रयोग करायचा आणि पुढचं गाव गाठायचं. बॅकस्टेजच्या माणसाला नाईट, म्हणजे कामाचे पैसे, मिळते ती प्रयोगामागे. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर एका दिवसात दोन नाईट म्हटल्यावर कुणीच नको म्हणत नाही.

दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 4 चा प्रयोग सांगलीत होता आणि रात्री 9:30 चा कृष्णेपलीकडच्या, तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात. कागदावर हे सहज जमतं. साडेसहाला पडदा, सव्वासातला टेम्पो भरून तयार, साडेआठला पोच. पण एरवी सेट उभा करायला आम्हाला अडीच तास लागतात आणि इथे हातात एकच तास होता.

सेट म्हणजे दोन अंकी कौटुंबिक नाटकाचा दिवाणखाना. 10 फूट उंच, 4 फूट रुंद असे बारा फ्लॅट, म्हणजे भिंतीचे सुटे भाग, 2 बाय 1 इंचाच्या लाकडी चौकटीवर 4 मिलिमीटरचा प्लाय मारलेले. 6 बाय 4 च्या, फूटभर उंचीच्या सहा लेव्हल, म्हणजे चौथरे. एक दार, एक खिडकी, पाच पायऱ्यांचा जिना, सोफा, जेवणाचं टेबल आणि प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या, दोन पेट्या. शिवाय जमिनीवर अंथरायचं रंगवलेलं फ्लोअर क्लॉथ. त्यावर प्रत्येक फ्लॅटची आणि फर्निचरच्या पायाची जागा रंगाने आखलेली असते, म्हणून नव्या स्टेजवर टेप घेऊन मोजत बसावं लागत नाही. फक्त मध्य सापडला पाहिजे. त्यासाठी ओपनिंगच्या, म्हणजे स्टेजच्या प्रेक्षकांकडच्या तोंडाच्या, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणायची, ती दुमडून निम्मी करायची आणि जिथे टोक येईल तिथे खडूची रेघ मारायची. क्लॉथवरची मधली रेघ त्या रेघेवर आली की सेटची निम्मी आखणी झालीच.

वेळ वाचतो तो सेट काढताना आणि टेम्पो भरताना. धावपळ करून लावताना फार तर पाच मिनिटं मिळतात आणि त्यात कुणाची तरी बोटं चेमटतात. सांगलीत पडदा पडल्याबरोबर प्रॉपर्टी पेट्यांत गेली. सोफा आणि टेबल टेम्पोत सगळ्यात आत. मग बिजागऱ्यांतल्या पिना काढून फ्लॅट सोडवले आणि टेम्पोच्या भिंतीला लागून लांब कडेवर उभे लावले, दोन-दोन फ्लॅटमध्ये जुनी चादर घालून. फ्लॅट एकावर एक आडवे रचले की खड्ड्यातल्या पहिल्याच दणक्याला खालचा प्लाय फुटतो. त्यानंतर जिना, मग लेव्हल आणि सगळ्यात शेवटी गुंडाळलेलं क्लॉथ. काढण्याचा हा क्रम आपोआप ठरलेला असतो, कारण क्लॉथ सगळ्यांच्या खाली असतं. आणि पुढच्या गावी पहिल्यांदा तेच लागतं. नवा मुलगा हा क्रम मोडून रिकामी जागा दिसेल तिथे पेटी कोंबायला निघतो, तेव्हा मी त्याला तिथेच थांबवतो.

लाइटवाला मात्र आमच्याबरोबर नव्हता. तो सकाळीच पुढे गेला होता. दिवे आम्ही दौऱ्यावर नेत नाही, त्या-त्या गावचा लाइट कॉन्ट्रॅक्टर देतो. टांगायला वेळ लागतोच, पण फोकस करायला जास्त लागतो आणि एरवी त्यासाठी सेट उभा असावा लागतो. त्याने सेटच्या आराखड्यावरून रिकाम्या स्टेजवर सोफ्याची, दाराची आणि जिन्याची जागा खडूने आखली, तिथल्या कामगाराला त्या जागांवर उभं केलं आणि चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावून घेतले. आम्ही पोचेपर्यंत त्याचं काम जवळजवळ उरकलं होतं.

सांगलीहून नाटक घेऊन बाहेर पडताना मला नेहमी विष्णुदास भावे आठवतात. त्यांनी 1843 साली इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच आणि तो दिवाळीच्या आगेमागे येतो. त्यांना आश्रय देणारे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये वारले. राजाश्रय तुटला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांचे प्रयोग झाले. आपला दौरा तेव्हापासूनचा आहे.

अंकलीचा पूल ओलांडला आणि जयसिंगपूरच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. बाजाराची गर्दी होतीच. शिवाय ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या. त्यांना हॉर्न देऊन काही होत नाही आणि देऊही नये. पोचायला पावणेनऊ झाले.

खरी अडचण नाट्यगृहाच्या आवारात होती. तिथे दिवाळी प्रदर्शनाचा मांडव घातला होता. आकाशकंदील, पणत्या, उटणं, चकली-चिवड्याचे स्टॉल. मागच्या दरवाजाकडे जाणारा रस्ता त्या मांडवाने अडलेला. टेम्पो फाटकाबाहेर थांबला आणि तिथून स्टेजच्या दरवाजापर्यंत शंभरेक फूट सामान हातांवर न्यायचं होतं, स्टॉलच्या मधून. दोन टेबलांमधली वाट जेमतेम तीन फुटांची. फ्लॅट कडेवर धरून दोन माणसं जाऊ शकत होती. आडव्या धरलेल्या चार फुटी लेव्हल आणि जिना जाणं शक्य नव्हतं.

कोपऱ्यावर उटण्याचा स्टॉल लावलेल्या काकूंना मी म्हटलं, “काकू, हे टेबल दोन फूट आत घेऊ का? अर्ध्या तासात परत होतं तसं लावून देतो.”

“नाटकवाले का तुम्ही? घ्या की. पण त्या पणत्यांना धक्का लावू नका, रंग ओला आहे अजून.”

त्यांच्या मुलाने शेजारची दोन टेबलंही सरकवली. मग मी माणसं वाटली. पाच आमचे, चार तिथले हमाल. सगळ्यांनी वाहत बसण्याऐवजी दोघांना पहिल्यापासून स्टेजवरच ठेवलं. क्लॉथ पोचल्यापोचल्या त्यांनी ते अंथरलं आणि लेव्हल येतील तशा जागेवर बसवल्या. नाहीतर सगळं सामान स्टेजच्या मधोमध साचतं, ते पुन्हा बाजूला करावं लागतं आणि तेच काम दोनदा होतं.

इथलं ओपनिंग सांगलीपेक्षा चार फुटांनी कमी होतं. हे आधी माहीत होतं, म्हणून मागच्या भिंतीतला एक साधा फ्लॅट गाळला आणि बाजूच्या भिंती क्लॉथवरच्या दुसऱ्या, निळ्या रेघेवर घेतल्या. दाराचा फ्लॅट उभा केला तर दार आपोआप उघडायला लागलं. जमीन त्या कोपऱ्यात उतरती होती. दोरीला बोल्टचा नट बांधून ओळंबा सोडला, तर चौकट वरच्या बाजूला बोटभर कललेली. खालून पाचर ठोकली, ओळंबा जुळला, दार जागेवर राहिलं. पहिला अंक संपताना नट हे दार जोरात आपटतो आणि तेव्हा भिंत हलली तर प्रेक्षक प्रसंग सोडून भिंतीकडे बघतात. म्हणून या फ्लॅटला मागून एकाऐवजी दोन ब्रेस, म्हणजे तिरके टेकू, लावले, प्रत्येकावर 20 किलोचं वजन. एका बिजागरीची पिन वाहतुकीत वाकली होती, तिथे चार इंची खिळा घातला. खिळ्यांचा डबा आणि पाचरी मी टेम्पोत ठेवत नाही, खांद्यावरच्या पिशवीत ठेवतो.

कपडे आणि इस्त्री बसमधून आधीच पोचली होती, त्यामुळे कलाकार तयार होते. जेवायला कुणालाच वेळ झाला नाही. जयसिंगपुरात घेतलेल्या भडंगाचे पुडे रंगपटात फिरत होते. नऊ चाळीसला शेवटचा ब्रेस लागला. स्टेजवर झाडू फिरला, नटराजाला हार घातला, नारळ फुटला. तिसरी घंटा नऊ पन्नासला झाली. वीस मिनिटांचा उशीर आयोजकाने आधीच जाहीर करून ठेवला होता, म्हणून टाळ्या वाजवून घाई करणारं कुणी नव्हतं.

या आयोजकाला मी ओपनिंग, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, विंगेतली जागा आणि सामानाच्या दरवाजाची रुंदी असं सगळं फोनवर विचारलं होतं. आता त्यात पाचवा प्रश्न घातलाय: त्या दिवशी आवारात मांडव, प्रदर्शन, लग्न काही आहे का, आणि टेम्पो दरवाजापर्यंत येतो का? दिवाळीत हा प्रश्न दोनदा विचारायचा, तारीख ठरताना आणि आदल्या दिवशी. मांडव घालतात तो आदल्या दिवशीच.

सव्वाबाराला प्रयोग संपला. प्रदर्शन बंद झालेलं, टेबलं रिकामी, त्यामुळे सामान भराभर बाहेर आलं. मॅनेजरने तिथेच सगळ्यांच्या दोन्ही नाईट आणि भत्ता हातावर ठेवला. या वेळी टेम्पो मात्र वेगळ्या क्रमाने भरला. पुढचा प्रयोग भाऊबीजेला मुंबईत होता आणि सुतार त्याआधी एकच दिवस येणार होता. म्हणून वाकलेल्या बिजागरीचा फ्लॅट, कोपरा निघालेली लेव्हल आणि दाराची चौकट सगळ्यात शेवटी, दरवाजाशी ठेवली आणि त्यांच्यावर खडूने फुली मारली. गोदामात ती पहिली उतरवून घ्यायची आणि बाकीचं सामान तसंच टेम्पोच्या क्रमाने लावायचं, असं ड्रायव्हरजवळच्या चिठ्ठीत लिहून दिलं.