मग कापूस कोणी वेचला?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत स्नेहसंमेलनांवर आणि छड्यांवर पुष्कळ जण लिहितील. मी इतिहासाच्या सरांच्या एका तासाबद्दल लिहितो.

पुस्तकात अमेरिकेच्या यादवी युद्धाला जेमतेम पानभर जागा होती. 1861 ला सुरू, 1865 ला समाप्त, लिंकन, गुलामगिरी रद्द. पान वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "गुलाम मोकळे झाले. मग पुढच्या हंगामात कापूस कोणी वेचला?" आम्ही खानदेशातली पोरं, दिवाळीच्या सुट्टीत बोंडांनी बोटं सोलून घेतलेली. तरी हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

वेचला त्याच लोकांनी. केंद्राच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने जानेवारी 1865 मध्ये किनारपट्टीतली जमीन मोकळ्या झालेल्यांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी त्यातली बहुतेक जुन्या मळेवाल्यांना परत केली. जमीन नाही, खेचर नाही, बियाणं नाही, म्हणजे राहिली अर्ध्या वाट्याची शेती. सरांनी फळ्यावर अशा एका कुळाचा हिशेबच मांडला. डावीकडे पीक, त्यातलं अर्धं मालकाचं. उजवीकडे दुकानाची उधारी: मक्याचं पीठ, खारवलेलं मांस, कापड. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. खाली वजाबाकी केली तर बाकी कुळाच्याच अंगावर. उभं पीक दुकानदाराकडे तारण, त्यामुळे काय पेरायचं तेही तोच सांगणार, आणि तो सांगणार कापूसच.

"सर, हे आपल्या सालदाराच्या उचलीसारखंच की!" मागून कोणीतरी म्हणालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं वर्षभराचं साल ठरतं, उचल घेतली जाते आणि ती फिटत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"सारखं आहे, पण तेच नाही," सर म्हणाले आणि मिसिसिपी राज्याच्या 1865 च्या 'काळ्या कायद्यां'कडे, म्हणजे मोकळ्या झालेल्या काळ्यांना जखडणाऱ्या कायद्यांकडे, वळले. वर्षाचा करार मध्येच सोडला की तोवरची मजुरी बुडाली. काम नसलेला काळा माणूस भटका ठरायचा. दंड भरता आला नाही की त्यालाच कामाला जुंपायचे. गुलामगिरी रद्द करणाऱ्या 13व्या घटनादुरुस्तीतही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवलेलाच होता. त्याच वाटेने कैदी खाणींना आणि रेल्वेच्या कामांना भाड्याने गेले.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा काळे मतदार मत देत होते, काळे प्रतिनिधी तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, बसत होते. चारच वर्षांत वारं फिरलं. 1877 च्या वसंतात दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांच्या मतांवर उभ्या असलेल्या उरल्यासुरल्या सरकारांचं रक्षण करणारं केंद्राचं सैन्य बराकीत परतलं. त्याच जुलैत रेल्वे कामगारांनी मजुरीकपातीविरुद्ध संप केला, तर तो मोडायला केंद्राचंच सैन्य धावलं. या दोन गोष्टी सरांनी एकाच ओळीत लिहिल्या होत्या. पुढे मी बरंच वाचलं, पण इतकी नेमकी मांडणी क्वचितच दिसली.

आता मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे फळ्यावरचा तो हिशेब डोक्यातून जात नाही. अमेरिकेत संघटनेचा हक्क देणारा कायदा 1935 ला आला, किमान वेतनाचा 1938 ला. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. म्हणजे कापूस वेचणारे बाहेरच.

सरांशी माझा एकच वाद राहिला. त्यांच्या हिशेबात काळी माणसं नुसती पिचत होती. पण 1881 च्या जुलैत दक्षिणेतल्या अटलांटा शहरातल्या काळ्या धोबिणींनी संप केला. मागणी एकच, बारा पौंड कपड्यांना सरसकट एक डॉलर. काही आठवड्यांत हजारो जणी त्यात आल्या. नगरपरिषदेने दबावासाठी प्रत्येकीवर 25 डॉलर परवाना शुल्काचा प्रस्ताव आणला. बायकांनी महापौरांना कळवलं: 25 काय, 50 भरू, पण दर आम्ही ठरवू. शुल्काचा प्रस्ताव पुढे बारगळला.