ट्रिगर पॉइंटची इंजेक्शनं: कोणतं घ्यायचं हे ठरवताना

मान आणि खांद्याच्या मधे जो स्नायू आहे ना, ट्रॅपिझियस, त्यात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागायची आणि ती दाबली की कळ मानेवरून थेट कानशिलात. त्यामुळे बराच काळ माझ्यावर डोकेदुखीचेच उपचार चालू होते. शेवटी एका पेन स्पेशालिस्टने बोटाने चाचपून नेमकी ती जागा पकडली आणि म्हणाले हा ट्रिगर पॉइंट आहे, दुखणं इथलं आणि जाणवतंय तिकडे. शेक, मसाज, स्ट्रेचिंग सगळं आधीच करून झालं होतं, मग इंजेक्शनचा विषय निघाला आणि तिथे पर्याय एक नाही, चार.

पहिला पर्याय कोरडी सुई, म्हणजे ड्राय नीडलिंग, औषध काहीच नाही. दुसरा लिग्नोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधीर करतात तेच. तिसरा त्यातच सूज उतरवणारं स्टेरॉइड मिसळून, आणि चौथा बोटॉक्स, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणारं औषध. मला साहजिकच वाटत होतं की जितकं भारी औषध तितका जास्त आराम, पण वाचायला लागल्यावर चित्र वेगळंच दिसलं. १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की नुसती सुई बरोबर जागी गेली तरी बऱ्याच पेशंटना लगेच आराम पडतो. मग १९९४ मध्ये हाँग या डॉक्टरांनी लिडोकेन (आपल्याकडचं लिग्नोकेन) आणि कोरडी सुई यांची तुलना केली, त्यात सुई लागल्यावर ज्यांचा स्नायू फडफडला त्यांना दोन्हींनी बरं वाटलं, ज्यांचा नाही फडफडला त्यांना फारसा फरक नाही. कोरड्या सुईनंतरचं ठणकणं मात्र जास्त होतं. म्हणजे सिरिंजमध्ये काय आहे यापेक्षा सुई कुठे गेली आणि ती कुणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं, आणि माझं मत आजही हेच आहे.

ते फडफडणं मी अनुभवलंय. डॉक्टर सुई आत हळूहळू मागेपुढे करत होते, एकदम स्नायू आपोआप उडाला, ती ओळखीची कळ कानशिलापर्यंत गेली आणि मग तो भाग सैल पडत गेला. मी लिग्नोकेनच घेतलं, ठणका कमी राहावा म्हणून. तरी दुसऱ्या दिवशी जागा ठणकत होतीच, त्याला घाबरू नका, एकदोन दिवसांत जातं.

स्टेरॉइडला मी नाही म्हटलं. ट्रिगर पॉइंटमध्ये सूज असते असं नाही, त्यामुळे त्याचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही, आणि वारंवार घेतलं तर तिथली त्वचा आणि चरबी पातळ होऊ शकते. डायबेटिस असेल तर साखरही वाढते, हे आधी विचारून घ्याच. बोटॉक्स महाग असतं, परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, मग साधारण तीन महिने टिकतो. वारंवार होणाऱ्या जुनाट मायग्रेनसाठी त्याचा चांगला उपयोग आहे पण ट्रिगर पॉइंटसाठी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवला.

इंजेक्शननंतर लगेच तो स्नायू ताणायचा आणि पुढे व्यायाम चालू ठेवायचा, ही निम्मी ट्रीटमेंट आहे. मला आराम मिळाला, पण स्क्रीनची उंची आणि बसण्याची पद्धत बदलेपर्यंत गाठ परत यायची, सुईने फक्त ताणायला वाव करून दिला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा बधीर करायच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. खांद्याच्या त्या भागाखाली फुफ्फुसाचं टोक असतं, सुई खोल गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, फार क्वचित होतं पण होतं. नंतर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टर निवडताना हे काम ते नेहमी करतात का एवढं सरळ विचारा, विचारण्यात काही चूक नाही.