मे महिन्यातली एक टाकी

पुण्यातल्या एका ब्रू-पबमध्ये मी बिअर बनवते. उन्हाळ्यात तेथे गव्हाच्या बव्हेरियन पद्धतीच्या बिअरलाच जास्त मागणी असते. तिच्यात निम्म्याहून अधिक माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गव्हाचे असते आणि गव्हाला जवासारखे टरफल नसल्याने गाळणी तुंबते, म्हणून मी भाताची तुसे मिसळते. या बिअरला लवंगेचा गंध हवा असेल, तर मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेले दळलेले माल्ट, 44 अंशांवर वीस मिनिटे थांबवावा लागतो. तेव्हा फेरुलिक आम्ल सुटते आणि पुढे यीस्ट त्यातून तो गंध घडवते. ही पायरी टाळणे मला कधीच मान्य झाले नाही.

मे महिन्यात या बिअरच्या एका टाकीच्या किण्वनाच्या, म्हणजे आंबण्याच्या, पहिल्याच रात्री वीज गेली. जनरेटरवर जेवणघराचा एसी होता, टाकी थंड ठेवणारा चिलर नव्हता. तोही जनरेटरवर घ्या, ही मागणी मी दोन वर्षे करत होते. सकाळी 18 अंशांची टाकी 27 वर गेली होती.

बिअर तयार झाल्यावर मी एकाच नमुन्याचे दोन ग्लास भरले. 4 अंशांवरच्या ग्लासात पिकलेल्या केळ्याचा भरगच्च वास होता, लवंग जेमतेम होती, आणि पिणाऱ्याने खुशाल दाद द्यावी अशी ती बिअर लागत होती. दुसरा ग्लास तळहातांत धरून मी गरम होऊ दिला. 14 अंशांच्या आसपास केळ्यामागून नेलपॉलिशचा वास वर आला आणि घोट गिळल्यावर घशात मद्यार्काची जळजळ राहिली. किण्वनाच्या सुरुवातीलाच यीस्ट तापले की असे होते आणि नंतर कितीही थंड ठेवले तरी ते जात नाही.

मी टाकी ओतून द्यावी असे सांगितले. मालकांनी टँकरच्या पाण्याचा हिशेब मांडला आणि "एकदम थंड द्या, कोणाला कळणार आहे?" असे म्हटले. पाण्याचा मुद्दा मलाही खोडता आला नाही.

शनिवारी गच्चीवर ती बिअर धडाक्यात खपली. दोन टेबलांवरून बनवणाऱ्याला निरोप आला, की या वेळची बिअर फार छान झाली आहे. मात्र रात्री धुण्यासाठी आलेले ग्लास मी स्वतः पाहिले. एरवी ते तळापर्यंत रिकामे येतात. त्या रात्री बहुतेकांत दोन-दोन बोटे कोमट बिअर उरली होती.