टीनहेडचं जोतं

रविवार, रात्र

फर्नवर्दीच्या धरणापाशी गाडी लावली आणि सूचिपर्णी झाडांच्या लागवडीतून पश्चिमेकडे चालत निघालो. झाडं संपली की एकदम उघडं डार्टमूर, म्हणजे नैऋत्य इंग्लंडमधलं उंचावरचं माळरान (इथे त्याला 'मूर' म्हणतात). टीनहेडची शेतवाडी इथेच होती. आता उरलंय ते घराचं जोतं, गडगे आणि फाटकांचे दगडी खांब. खाली उत्तर टीन नदीवर ग्रॅनाइटच्या लांबलचक फरश्या टाकून केलेला पूल आहे. चुना नाही, कमान नाही. अजून बिनधास्त चालता येतं त्यावरून.

माझा सगळ्यात जास्त वेळ खांबांपाशी गेला. एका खांबाला चौकोनी भोकं, समोरच्याला काटकोनात वळवलेल्या खाचा. आडव्या वाशाचं एक टोक भोकात सारायचं, दुसरं खाचेत घालून खाली बसवायचं, की झालं फाटक. बिजागरी नको, कडी नको. ग्रॅनाइट कोरताना कुणाचे तरी हात सोलवटले असतील, पण लोखंड विकत घ्यावं लागतं आणि घरची मेहनत फुकट, हा हिशोब कुठल्याही शेतकऱ्याला समजतो. मुलाने विचारलं, "मग गुरं ते वासे ढकलत नसतील?" ढकलत असणारच. वजनदार वासा खाचेतून सहजी वर उचलला जात नाही, एवढंच.

गडगे मात्र आमच्या कोकणातल्यासारखेच, फक्त जांभ्याऐवजी ग्रॅनाइट. दुरून फार गोड दिसतात. पण मला त्यांचं कौतुक पुरतं करवेना. हे मूर 1337 पासून डची ऑफ कॉर्नवॉलचं, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाच्या जहागिरीचं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचा इथे गुरं चारायचा जुना हक्क. 1780 च्या सुमारास डचीने ही जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि दीड हजार एकरांच्या आसपासचं चराऊ रान भिंतींच्या आत गेलं. अशा नव्याने घेरलेल्या जमिनीला इथले लोक 'न्यूटेक' म्हणतात. एकाची वाडी उभी राहिली, बाकीच्यांची गुरं बाहेर. आज आपण हळहळतो ती वाडीसाठी, कारण तिचे दगड दिसतात. बाहेर राहिलेल्यांचं इथे पाहण्यासारखं काहीच नाही.

वाडीचा शेवटही असाच वरून आला. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, लष्करी सरावासाठी हा भाग रिकामा करून घेतला आणि मग इथे पुन्हा कुणी राहायला आलं नाही. 1971 मध्ये उरलंसुरलं घर पाडलं, धोकादायक म्हणून. डार्टमूर राष्ट्रीय उद्यान होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती! आता अशा अवशेषांना इंग्लंडमध्ये 1979 च्या कायद्याने संरक्षण देतात आणि तसं ते मिळालं की परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा ठरतो. आठ वर्षं थांबले असते तर निदान चूल कुठे होती ते तरी कळलं असतं.